मुका कॉम्प्युटर आणि कचरू माइकवाला

वडनेर भोलजीच्या स्टँडवर उतरून कुणालाही 'माइकवाला कुठं राहतो' असं विचारलं, तर तो आधी तुम्हाला खालून वर बघेल आणि मग विचारेल, "काय हाये, लगन का सप्ता?" कचरूकडं तिसऱ्या कामासाठी कुणी जात नसे. आधीची चार भावंडं पाळण्यातच गेली म्हणून आईनं पाचव्याला जन्मल्या जन्मल्या सुपात घालून उकिरड्यावर ठेवलं, शेजारणीनं उचलून परत आणून दिलं आणि नाव पडलं कचरू. हेतू असा की यमानं नाव ऐकूनच नाक मुरडावं. यमानं मुरडलं खरं. पण ज्याला असं गुपचूप लपवून जगवलं, त्यानंच मोठेपणी अख्ख्या तालुक्याच्या कानठळ्या बसवायचा धंदा काढला.

त्याच्याकडं दोन भोंगे होते, एक अ‍ॅम्प्लिफायर, एक ट्रॅक्टरची बॅटरी आणि हे सगळं वाहणारी एक सायकल. सामान लादल्यावर सायकलवर बसायला त्याला स्वतःला जागाच उरत नसे, म्हणून तो तिच्या बाजूनं चालत जाई. शाळा सातवीपर्यंत झाली होती. बाकीचं शिक्षण बंद पडलेल्या यंत्रांनी केलं. यंत्र बोलेनासं झालं की लोक त्याला थापडा मारतात. कचरू मारत नसे. तो आधी वास घेई, मग वायरी चाचपे आणि मग भोवतीच्या माणसांकडं बघून विचारी, "याले शेवटी हात कोनं लावला?" या प्रश्नाचं खरं उत्तर तीस वर्षांत त्याला कुणी दिलेलं नव्हतं, तरी तो विचारायचा सोडत नव्हता.

या तीस वर्षांतली पंचवीस त्याच्या माइकपुढं एकच माणूस उभा राहिला, तो म्हणजे भगवंतराव. गावात सोळा एकरांचे धनी, पण तालुक्यात त्यांची ओळख आवाजाची. शंकरपट कुठंही भरो, बैलजोड्या पळायला सुटल्या की पुकारायला भगवंतराव पाहिजेत म्हणजे पाहिजेत. जोडी कुणाची, ती हाकणारा धुरकरी कोण, डाव्या बैलाची आई कुणाच्या गोठ्यातली, सगळं तोंडपाठ. एका वर्षी सोनाळ्याच्या पटात ऐन रंगात कचरूचं मशीन जळलं. धूर निघाला, कचरूचा चेहरा पांढराफटक झाला. आयोजकांनी त्याला तिथंच तुडवला असता. भगवंतरावांनी हातातला मेलेला माइक तोंडासमोर तसाच धरून ठेवला आणि पुढच्या एकोणीस जोड्या नुसत्या गळ्यावर पुकारल्या. टोकाला उभ्या असलेल्या माणसालाही काही कळलं नाही. परत येताना कचरू रडायच्या बेताला आला तर म्हणाले, "काऊन रडतं बे? मशीन जळलं, तू त नाही जळला ना?"

अशा माणसाला एका पावसाळ्यात लकव्यानं खाटेवर पाडलं. उजवं अंग गेलं, जीभ जड झाली. डाव्या हाताला आधीपासूनच कंप होता, आता तो इतका वाढला की पाटीवर एक अक्षर धड निघेना. डोकं मात्र लख्ख. कचरू पहिल्या आठवड्यात भेटायला गेला. भगवंतरावांनी त्याला हाक मारायचा प्रयत्न केला आणि तोंडातून नुसतं 'अ... ऊ...' असं काहीतरी आलं. कचरू चहा अर्धा टाकून बाहेर पडला तो पुन्हा त्या घरात बसायला म्हणून गेला नाही. सायकल पलीकडच्या गल्लीनं नेऊ लागला. लोक म्हणत, त्याला बिचाऱ्याला बघवत नाही. भित्रेपणाच तो, दुसरं काय म्हणायचं!

भगवंतरावांचा मुलगा तुळशीराम पुण्याला इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यात होता. दिवाळीत तो एक वहीएवढा काळा डबा घेऊन आला आणि म्हणाला, हा घरचा कॉम्प्युटर. कॉम्प्युटर म्हणजे थंडगार खोलीत ठेवलेलं कपाट, अशी तोवर गावाची समजूत. हा डबा टीव्हीला जोडायचा. टीव्हीवर क ख ग घ च्या ओळी येत, त्यांवरून एक चौकोन संथपणे फिरे. हव्या त्या अक्षरावर चौकोन आला की भगवंतरावांनी डाव्या हाताखालचं दारावरच्या घंटीचं बटण दाबायचं, की ते अक्षर खाली उमटायचं. जोडाक्षरं तुटकी दिसत, काना एकीकडं तर वेलांटी दुसरीकडं जाई, पण तीन महिन्यांनी माणूस बोलला होता. पहिलं वाक्य होतं, 'चहात साखर घाला'. भगवंतरावांच्या पत्नी सत्यभामाबाईंना अक्षरओळख नव्हती. लेक विमलनं ते वाचून दाखवलं तेव्हा त्या चुलीपुढं बसून पोटभर रडल्या आणि मग चहात चार चमचे साखर घातली.

एक अडचण होती. लाइट गेली की तो डबा शिकवलेलं सगळं विसरायचा. लाइट आली की टेपरेकॉर्डरला वायर लावून तुळशीरामनं भरून दिलेली कॅसेट वाजवायची, की चार मिनिटांत तो सगळं पुन्हा शिकायचा. आणि वडनेरात लाइट जाणं म्हणजे सूर्य मावळण्याइतकं ठरलेलं. विमलचा त्यात हात बसला होता. सकाळ-संध्याकाळ ती कॅसेट लावायची, वडील काय म्हणतात ते सगळ्यांना वाचून दाखवायची.

एकोणनव्वदच्या मार्चमध्ये, गावातला सप्ताह संपला त्याच्या दुसऱ्या दिवसापासून कॉम्प्युटर सुरू होईना. कॅसेट फिरायची, टीव्हीवर पट्टे धावायचे आणि शेवटी इंग्रजीत एक ओळ यायची: टेप वाचता आली नाही. विमलनं तीन दिवस पोस्टात जाऊन पुण्याला ट्रंककॉल लावले. तुळशीराम म्हणाला, सगळ्या वायरी काढून परत लाव. तिनं घरी येऊन लावल्या. टीव्हीचा चॅनल फिरवून बघ. तिनं बघितला. आवाज कमी-जास्त कर. केला. मग तो म्हणाला, कॅसेट खराब झाली असेल, नवी भरून पाठवतो. शेजारचा टेप आणून पाहावा तर त्याला वायर घालायचं भोकच नव्हतं.

इकडं भगवंतराव खाटेवरून हात आपटत, ओरडत, टेप ठेवलेल्या कपाटाकडं बघत. विमलनं शक्कल काढली. आपणच बाराखडी म्हणायची, हव्या अक्षरावर बाबा थाप मारतील. कंप पावणारा हात कधी 'क'वर पडे, कधी 'ख'वर. दोन तासांनी घामाघूम होऊन दोन अक्षरं हाती लागली: ट आणि प. "टेप म्हनतेत!" सत्यभामाबाई आनंदानं म्हणाल्या. "सप्त्याची भजनं ऐकावं वाटत असन त्यायले." आणि त्यांनी भजनाची कॅसेट लावली. भजन मोठं खणखणीत वाजलं. भगवंतरावांनी असा काही आवाज काढला की गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली. त्यानंतर त्यांनी थापच मारायची सोडली.

त्यातच जळगाव जामोदहून पाहुणे विमलला पाहून गेले. मुलगा पंचायत समितीत कारकून, घरी संत्र्याची बाग. जाताना तो खाटेजवळ येऊन बसला, भगवंतरावांचा थरथरता हात त्यानं आपल्या हातात धरून ठेवला, आणि विमलनं ते दाराआडून पाहिलं. सोयरीक जुळवणारे गुलाबराव निरोप ठेवून गेले की सोमवारी दुपारपर्यंत हो किंवा नाही कळवा, त्यांना दुसरीकडूनही सांगून आलंय. आता घरात प्रश्न असा, की भगवंतरावांचं म्हणणं काय? सत्यभामाबाईंनी विचारलं, "पसंत हाये ना?" त्यांनी मान नाही म्हणून हलवली. "म्हंजे नापसंत हाये?" पुन्हा मान नाही म्हणूनच हलली. हो नाही, नाही पण नाही. डोळ्यांत पाणी आणून ते काळ्या डब्याकडं बघत राहायचे. विमलला विचारलं तर ती म्हणायची, "बाबा म्हनतीन तसं." आणि बाबांना तर काही म्हणताच येत नव्हतं.

सोमवारी सकाळी दहाला विमल स्टँडवर कचरूच्या टपरीपुढं येऊन उभी राहिली.

"कचरूकाका, बाबाचा कॉम्प्युटर बंद हाये अकरा दिवसांपासून."

कचरू भोंग्याचा खिळा ठोकत होता. त्यानं मान वर केली नाही. "मी माइकवाला मानूस, पोरी. त्यातलं मले ओ का ठो समजत नाही."

"डबा चांगला हाये. टीव्ही चांगला हाये. दादानं नवी कॅसेट धाडली, थेही चालत नाही. मंग राह्यला टेप. टेप त समजते ना तुमाले?"

कचरूनं हातोडी खाली ठेवली. पोरीनं एकेक करून सगळं बाजूला काढलं होतं, अगदी तो काढतो तसं. "टेपाले काय होते?" तो म्हणाला. "सप्त्यात मीच त नेला होता. घंटीसारखा वाजे."

"आज बारा वाजता लाइट जाते, अन् साडेबाराच्या गाडीनं गुलाबराव उत्तर घेऊन जातीन," विमल म्हणाली. "बाबाच्या मनात काय हाये थे कळल्याबिगर मी कशी हो म्हनू काका?"

कचरूनं पिशवी उचलली. यावर नाही म्हणणारा माणूस अजून वडनेरात जन्माला यायचा होता.

घरात गुलाबराव खुर्चीवर बसून घड्याळाकडं आणि बशीतल्या चहाकडं आळीपाळीनं बघत होते. सत्यभामाबाई दारात उभ्या होत्या. कचरू खाली मान घालून थेट टेपपाशी गेला. खाटेकडं त्यानं पाठ केली. आठ महिन्यांचं ओझं मानेवर घेऊन बसल्यावर माणूस जसा बसेल तसा तो बसला.

खाटेवरून आवाज आला. मोठा, लांबलचक, अर्थ नसलेला.

"सकाळपासून असेच करून राह्यले," सत्यभामाबाई म्हणाल्या. "तुमाले पाहून त लयच."

कचरूनं न ऐकल्यासारखं केलं. त्यानं टेपचा वास घेतला. जळका नव्हता. वायर चाचपली, ठीक होती. माचिसच्या काडीला कापूस गुंडाळून स्पिरिटात बुडवला आणि आतला तो चकचकीत हेड पुसला, ज्यावरून टेपची पट्टी सरकते. कापूस जरासा तपकिरी झाला, फार नाही. पुन्हा लावून पाहिलं. पट्टे धावले आणि तीच इंग्रजी ओळ आली.

"वायर काढ पोरी," तो म्हणाला. "कॅसेट नुसती वाजू दे. मले आयकू दे त्यात काय हाये."

विमलनं वायर काढली आणि खोलीत असा आवाज भरला की गुलाबरावांच्या बशीतला चहा धोतरावर सांडला. आधी लांब एकसुरी शिट्टी, मग भट्टीत ओला लाकूडफाटा घातल्यासारखी चरचर. सत्यभामाबाईंनी कानावर हात ठेवले. कचरू मात्र पुढं झुकून ऐकत राहिला. तीस वर्षं तो आवाजातला बेसूरपणा ओळखून पोट भरत होता. या चरचरीला धार नव्हती. गोधडीखाली तोंड घालून कुणी बोलावं तशी ती दबलेली होती. अन् याच टेपवर भजन खणखणीत वाजत होतं! म्हणजे टेप बिघडला नव्हता. त्याचा हेड तिरका झाला होता, केसभर. हेडाशेजारी एक बारीकसा स्क्रू असतो. तो फिरवला की हेडाचा कल बदलतो. ज्या कलावर कॅसेट भरली, त्याच कलावर ती साफ वाजते.

पण तो स्क्रू आपोआप फिरत नाही. कचरूच्या ओठांवर नेहमीचा प्रश्न आला, "याले शेवटी हात..." आणि तो तिथंच थांबला.

सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी त्याच्या स्वतःच्या टेपचा पट्टा तुटला होता. तो घाईघाईनं याच घरी आला, याच जागी बसला, याच खाटेकडं पाठ करून. भजनाची कॅसेट लावून पाहिली तर आवाज बसका येत होता. त्यानं खिशातला बारीक टेस्टर काढला आणि तो स्क्रू अर्धा आटा फिरवला. भजन खुललं. मागून भगवंतराव ओरडत होते. काय म्हणतात ते बघायला त्यानं मान वळवली नाही, कारण ते तोंड त्याला बघवत नव्हतं. टेप बगलेत मारून तो निघून गेला आणि दुसऱ्या दिवशी ओसरीवर ठेवून परस्पर गेला.

कुणाला कळणारही नव्हतं. चार आटे इकडंतिकडं करून, 'धूळ होती हो वहिनी' म्हणून तो मोकळा झाला असता. तसं म्हणायला त्यानं तोंड उघडलंही.

"वहिनी," तो म्हणाला, "याले शेवटी हात मीच लावला होता."

आणि मग तो वळला. आठ महिन्यांनी त्यानं भगवंतरावांच्या तोंडाकडं बघितलं. तोंड वाकडं झालं होतं, गाल बसले होते, पण डोळे तेच होते, आणि ते अगदी पटातल्यासारखे संतापले होते. कचरूला एकदम इतकं बरं वाटलं की त्याचं त्यालाच नवल वाटलं. याच माणसाला तो आठ महिने भीत होता!

"भाऊ, मी स्क्रू फिरवला थे तुमी पाह्यलं होतं?"

भगवंतरावांनी मान खाली-वर केली, जोरात.

"म्हंजे अकरा दिवस थे टेप टेप करत होते थे..." सत्यभामाबाईंनी कपाळाला हात लावला.

"भजन नोते मागत थे, वहिनी. मले शिव्या देऊन राह्यले होते."

आता स्क्रू परत फिरवायचा, सोपं काम. पण इथं कचरूची दुसरी पंचाईत झाली. भोंग्याखाली तीस वर्षं काढलेल्या कानांना बारीक आवाज ऐकू येईनासे झाले होते. बायको त्याला कुकरची फुसफुस ऐकू येत नाही म्हणून हसायची. भजनाचं ठीक, तिथं ठोकळ चालतं. या चरचरीतली शेवटची बारीक धार त्याला पकडता येईना. एकदा फिरवून लावलं, फसलं. अकरा वाजून गेले होते. विमलला विचारलं तर ती म्हणाली, मला सगळी चरचर सारखीच वाटते.

कचरूनं टेप उचलला आणि खाटेच्या कडेवर, भगवंतरावांच्या कानाशी नेऊन ठेवला.

"भाऊ, तुमचे कान द्या मले. हात नका हलवू. आवाज धारदार झाला की डोये मिटा."

भगवंतराव स्तब्ध झाले. कचरूनं टेस्टर लावला आणि मुंगीच्या पावलानं फिरवू लागला. शिट्टी, चरचर, शिट्टी. पटात जाण्याआधी दोघं असंच करत. भगवंतराव मैदानाच्या टोकाला उभे राहायचे आणि भोंगा कुठं वळवायचा ते हातवारे करून सांगायचे. डोळे उघडे होते. उघडेच होते. मग मिटले. कचरू थांबला, जरासा पुढं गेला, डोळे उघडले. मागं आला. पुन्हा मिटले आणि मिटलेलेच राहिले.

"लाव वायर," कचरू म्हणाला.

टीव्हीवर आधी जाड पट्टे आले, मग बारीक. गुलाबराव उभेच राहिले होते. सत्यभामाबाई गजानन महाराजांचं नाव घेत होत्या. पट्टे थांबले, पडदा पांढरा झाला, आणि वरच्या कोपऱ्यात 'अ' उमटला. मग आ, इ, ई. चौकोन चालू लागला.

"चाललं!" विमल ओरडली आणि चक्क कचरूच्या पाया पडली.

घंटीचं बटण भगवंतरावांच्या अंगठ्याखाली ठेवलं. सगळे पडद्यावर डोळे लावून बसले. अकरा दिवसांचं साठलेलं. पहिलं अक्षर आलं, ग. मग काना. मग ढ. मग व.

"गाढव," विमलनं वाचलं, आणि तिचा चेहरा उतरला.

गुलाबराव लाल झाले. "कोनाले म्हनतेत? पोराले? अहो, पोरगा ग्रॅज्युएट हाये, निर्व्यसनी हाये..."

"नाही, नाही!" कचरू हर्षानं उठून उभा राहिला. "थे माह्यासाठी हाये! मले म्हनतेत!" त्यानं खाटेजवळ जाऊन भगवंतरावांचे पाय धरले. "म्हना भाऊ, अजून म्हना. गाढवच हाओ मी." त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो हसत होता. भगवंतरावांच्या तोंडाची डावी बाजूही हसली. सगळ्या घरातच अकरा दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी हसलं.

"आता पोरीचं बोला," सत्यभामाबाईंनी घाई केली. "बारा वाजत आले. सोयरीक पसंत हाये का नाही?"

चौकोन पुन्हा फिरू लागला. फार हळू फिरायचा तो. 'व' यायला सगळी व्यंजनं पार करावी लागत. विमल एकेक अक्षर मोठ्यानं वाचत होती, कारण वाचणारी तीच होती, मग विषय तिचा का असेना. वि. म. ल. ले.

"विमलले," ती म्हणाली.

वि. चा. रा.

"विमलले विचारा," तिनं वाचलं.

खोलीत कुणी कुणाकडं बघितलं नाही. इतके दिवस सगळ्यांनी खाटेवरच्या माणसाला विचारलं होतं. चौकोन चालतच होता. पुढची ओळ उमटत गेली आणि विमल वाचत गेली, "माझ्या... पाई... नाही... म्हनत... असन... त..."

आणि लाइट गेली. पंखा थांबला. पडद्यावरची अक्षरं मधल्या एका ठिपक्यात गोळा होऊन विझली.

"आता?" गुलाबराव म्हणाले. "त पुढं काय?"

"चार वाजल्याबिगर नाही येत लाइट," सत्यभामाबाई कळवळून म्हणाल्या.

"मले समजलं पुढचं," विमल म्हणाली. ती खाटेच्या कडेला बसली आणि तिनं वडिलांचा हात धरला. "बाबा, मी तुमच्यापाईच नाही म्हननार होती. रातभर त्याच इचारात होती. तुमाले घास कोन भरवीन, तुमचं बोलनं कोन वाचून दाखवीन, लाइट आली त कॅसेट कोन लावीन? तुमी नापसंत म्हना, म्हंजे मी सुटली, असंही वाटे मले." मग तिनं मान खाली घातली. "पन पोरगा मले पसंत हाये बाबा. तुमचा हात धरून बसला, तवाच पसंत पडला."

सत्यभामाबाईंनी डोळ्याला पदर लावला आणि त्यातूनच रागावल्या. "घास भरवाले मी काय मेली काय वं?"

"अन् कॅसेट मी लावत जाईन," कचरू म्हणाला. त्यानं आधी ठरवलं नव्हतं, ते तोंडातून आलं. "सकायी अन् संध्याकायी, लाइट आली की येईन. वाचूनही दाखवीन. सातवी पास हाओ मी, अडखळत वाचीन, पन वाचीन."

गुलाबरावांनी घड्याळ पाहिलं. बारा वाजून दहा. "मंग काय सांगू पोरी त्यायले?"

"हो सांगा," विमल म्हणाली आणि उठून आत पळाली.

गुलाबरावांनी एवढा मोठा सुस्कारा टाकला की जणू लग्न त्यांचंच ठरलं होतं. टोपी सावरत ते स्टँडकडं धावले आणि गाडी मिळाली त्यांना. सत्यभामाबाई चुलीपुढं बसल्या. "अकरा दिवसांनी आज घास गयाखाली उतरीन," त्या म्हणाल्या, आणि कचरूपुढं ताट ठेवताना त्यावर एक भाकर जास्तच ठेवली. तो नको म्हणाला नाही. जेवून तो तिथंच खाटेजवळ सतरंजीवर बसून राहिला. टपरी उघडी टाकून आला होता, तिची त्याला आठवण झाली नाही. भगवंतरावांना तो गेल्या आठ महिन्यांतल्या पटांची हकिगत सांगत राहिला. कुणाची जोडी पहिली आली, कुणाची मधेच वाट सोडून फुटली. नव्या पुकारणाऱ्याला एका बैलाचं नावसुद्धा धड येत नाही, असंही त्यानं सांगितलं. भगवंतराव मध्ये मध्ये तोंडानं आवाज काढत, आणि त्याचा अर्थ विचारायची कचरूला गरज पडत नव्हती.

चारला पंखा फिरू लागला. कचरूनं विमलला हात लावू दिला नाही. तिनं सांगितलं ते बटण त्यानं स्वतः दाबलं, कॅसेट स्वतः लावली. पहिल्याच खेपेला अक्षरं आली.

"आता दुपारचं पुरं करतीन," सत्यभामाबाई म्हणाल्या आणि हात पुसत येऊन बसल्या.

चौकोन चालू लागला. आ. ता. मग जरा थांबला. झो. प. तो.

कचरूनं बोट ठेवून अडखळत वाचलं, "आता झोपतो."

"अकरा रात्री डोया लागला नाही त्यायचा," सत्यभामाबाई हळूच म्हणाल्या.

भगवंतरावांचा अंगठा बटणावरून घसरला होता. श्वास लांब चालू झाला होता. चौकोन अक्षरांवरून आपला फिरतच राहिला, आणि तो तसाच राहू द्यावा की बंद करावा, हे तिघांनाही कळेना. शेवटी कचरूनं टीव्हीचा उजेड तेवढा कमी केला, आणि तिघंही पाऊल न वाजवता ओसरीवर येऊन बसले.